मन कठीण होतंय का हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं

कठीण मनाचा माणूस म्हटलं की आपल्याला चर्चची पायरी न चढणारा कोणीतरी आठवतो. पण बायबलमध्ये कठीण मन म्हणजे देवाचं ऐकूनही न बदलणारं मन, आणि तिथल्या इब्री ३ मधला इशारा विश्वासणाऱ्यांनाच आहे, आणि मार्क ६ मध्ये तर पाच हजारांना भाकरी वाढल्या त्याच रात्री शिष्यांचं मन कठीण झालं होतं असं लिहिलंय. उलट दर रविवारी वचन ऐकणाऱ्याला हा धोका जास्त, कारण ऐकून सोडून द्यायची सवय त्यालाच लागते.

आधी निर्गम ८ सावकाश वाचा. मिसरचा राजा फारो इस्राएली लोकांना गुलामीतून सोडत नाही, म्हणून देव एकामागून एक पीडा पाठवतोय, त्यातली ही बेडकांची. बेडूक फारोच्या बिछान्यात, भट्टीत, पीठ मळायच्या काथवटीत. बेडूक घालवायची देवाला विनंती कर, मग लोकांना सोडतो, असं फारो इस्राएली लोकांच्या पुढाऱ्याला, मोशेला सांगतो. मोशे विचारतो की कधीसाठी विनंती करू, तर हा म्हणतो, उद्या! अजून एक रात्र बेडकांबरोबर झोपेल पण आत्ताच्या आत्ता म्हणणार नाही. मग बेडूक मेले, ढीग लागले, देशभर दुर्गंधी सुटली, आणि जरा मोकळा श्वास मिळाल्याबरोबर गडी शब्द फिरवून मोकळा. सगळ्यात धोक्याची वेळ हीच आहे असं माझं ठाम मत आहे, संकट टळल्यानंतरची. आयसीयूबाहेर उभं असताना कोणाचं मन मऊ नसतं? डिस्चार्ज मिळाला की आठवडाभरात जुनं सगळं सुरू. म्हणून अडचणीत देवाला जे बोललात ते त्याच दिवशी तारीख टाकून लिहून ठेवा, बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं तरी चालेल, आणि सुटका झाली की पहिल्यांदा ते पान उघडा.

काहीजण विचारतात, देवानेच फारोचं मन कठीण केलं ना, मग त्याचा काय दोष? देवाने ते आधीच सांगून ठेवलं होतं हे खरंय, पण पीडा सुरू झाल्यावर परमेश्वराने मन कठीण केलं हे शब्द पहिल्यांदा गळवांच्या, म्हणजे सहाव्या पीडेला येतात. त्याआधी बेडकांच्या वेळी आणि गोमाश्यांच्या वेळी त्याने स्वतःच ते केलं असं स्पष्ट लिहिलंय. मला यातून भीती वाटते ती एवढीच की नाही म्हणत राहिलं तर पुढे हो म्हणायची ताकदच उरत नाही.

आता स्वतःला तपासायचं कसं. उपदेश चालू असताना "हे आमच्या वहिनींनी ऐकायला पाहिजे होतं" असं मनात आलं की सावध व्हा. दुसऱ्याची बायको घेतलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीदही त्या श्रीमंतावर जाम भडकला होता, शेवटी नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. दुसऱ्याचं नाव आलं की तिथे आपलं नाव घालून तेच वाक्य परत मनात म्हणा. टोचलं तर बरंच आहे.

टोचलेल्या गोष्टींपैकी एकच घ्या आणि ती त्याच दिवशी करा, अगदी लहान का असेना. भावाशी जमिनीवरून बोलणं बंद असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे देवाला अर्पण वाहण्याआधी त्याच्याकडे जा. फोन लावा, सातबाऱ्याचा विषय काढू नका, "त्या दिवशी माझं बोलणं चुकलं" एवढंच म्हणा आणि तो काय बोलतो ते ऐकून घ्या. तो फोन कट करेल कदाचित, तरी तुम्ही तुमचं केलंत.

आणि हे एकट्याने होत नाही हो. इब्री ३:१३ मध्ये एकमेकांना रोज बोध करा असं म्हटलंय, ग्रुपवर वचनाचा फोटो फॉरवर्ड करणं म्हणजे ते नव्हे. मंडळीतल्या एखाद्या जुन्या मावशींना किंवा घरातच नवऱ्याला-बायकोला सांगून ठेवा की माझं काही चुकताना दिसलं तर स्पष्ट बोल, मी रागावणार नाही. कॅथलिक असाल तर कन्फेशन, म्हणजे फादरांजवळची पापकबुली, पुढे ढकलू नका.

एक मात्र वेगळं सांगायलाच हवं. घरात कोणी गेलंय, प्रार्थनेला शब्द सुटत नाहीत, गाताना काहीच वाटत नाही, हे कठीण मन नव्हे. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी शेवटपर्यंत देवाशीच बोलत असतं. अशा माणसाला पश्चात्ताप कर म्हणून बोलू नका, त्याच्याजवळ बसा, फारच खचला असेल तर डॉक्टरकडे घेऊन जा.

पाषाणाचं हृदय काढून मांसाचं देण्याचं काम देवाने यहेज्केल ३६:२६ मध्ये स्वतःकडे घेतलंय, आपल्याला मागायचं आहे. आज रात्री स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा, दहाव्या वचनाशी थांबा, आणि तेव्हा ज्याचं नाव डोक्यात येईल त्याला झोपायच्या आधी फोन करा, फार उशीर झाला असेल तर निदान मेसेज टाका.