महापालिकेच्या दवाखान्याचा विस्तार: मिळकतकराच्या पैशातून तरतूद कशी मिळवायची

अमेरिकेत काही ठिकाणी रुग्णालयासाठीचा मालमत्ता कर थेट मतपत्रिकेवर येतो आणि रहिवासी हो किंवा नाही म्हणतात. पुण्यात तसं नाही. इथे कराचे दर आणि अंदाजपत्रक दोन्ही महापालिकेच्या मुख्य सभेत ठरतात. मत नगरसेवकाचं असतं, नागरिकाच्या हातात असतं ते त्या मतापर्यंत पोचणारं कागदपत्र. कागद पक्का असेल तर तो फेटाळणं अवघड जातं.

आधी कराची गोष्ट. आपल्या बिलात सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन, वृक्षकर, शिक्षण उपकर अशा ओळी असतात. रुग्णालयाची वेगळी ओळ नसते. सर्वसाधारण कर महापालिका निधीत जातो आणि तिथून कुठेही खर्च होऊ शकतो. त्यामुळे ‘आमच्या दवाखान्यासाठी कर वाढवा’ ही मागणी दोन्हीकडून फसते: वाढ झाली तर ती सगळ्या शहरावर होते, आणि आलेला पैसा तुमच्याच दवाखान्याला मिळेल याची हमी कुणी देत नाही. शिवाय करवाढ मंजूर होणं फार कठीण. 2021 मध्ये आयुक्तांनी सुचवलेली 11 टक्के वाढ नगरसेवकांनी मान्य केली नाही. म्हणून मागायचं ते अंदाजपत्रकात स्वतंत्र अर्थशीर्षक, म्हणजे त्या कामाच्या नावाची वेगळी नोंद, आणि त्याखाली रक्कम.

तरीही करवाढीचा हिशेब जवळ ठेवा, कारण ‘पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. दर हा वार्षिक करपात्र रकमेवरचा, म्हणजे मिळकतीच्या अंदाजित भाड्यावरून ठरवलेल्या रकमेवरचा, टक्का असतो. करपात्र रक्कम 20,000 असलेल्या घराला एक टक्का वाढ म्हणजे सवलती धरण्याआधी वर्षाला 200 रुपये. शहराच्या एकूण करपात्र रकमेवर तोच एक टक्का काढा, त्यातून वसूल न होणारा भाग वजा करा आणि शेजारी त्या वर्षीची थकबाकी मांडा. थकबाकीचा आकडा दिसला की चर्चा बहुतेक वेळा वाढीवरून वसुलीवर येते, आणि ते तुमच्या फायद्याचं असतं.

गरज आकड्यांत मांडा

‘गर्दी फार असते’ हे वाक्य प्रस्तावात काही कामाचं नाही. तीन नोंदी मिळवा. एक, वर्षभराची ओपीडी. दोन, खाटांचा वापर: वर्षभरातले एकूण रुग्ण-दिवस भागिले (खाटा गुणिले 365). 50 खाटा असतील तर 18,250 खाट-दिवस. त्यांतले 16,400 वापरले गेले असतील तर 90 टक्के. 85 च्या वर गेलं की वॉर्ड भरलेलाच समजा, कारण स्त्री-पुरुष वॉर्ड आणि संसर्गाच्या खाटा एकमेकांत फिरवता येत नाहीत. तिसरी नोंद सगळ्यांत बोलकी असते आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं: जागा किंवा सोय नाही म्हणून सरकारी ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्याच कमला नेहरू रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांचं रजिस्टर. महिनावार, कारणासकट. जमलं तर चौथा आकडाही घ्या: महापालिका गरीब रुग्णांच्या उपचारांचा खर्च देते त्या शहरी गरीब योजनेतून तुमच्या भागातल्या रुग्णांसाठी खासगी रुग्णालयांना गेलेली बिलं. महापालिका तोच पैसा बाहेर देते आहे, हे त्यातून दिसतं.

नोंदी मागताना रुग्णांची नावं मागू नका, फक्त संख्या. सोमवारी दुपारी 3 ते 5 महापालिकेत कागदपत्रं पाहण्याची सोय होती, ती चालू आहे का ते आधी विचारा. नाही जमलं तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज. उत्तराची मुदत 30 दिवस.

जागा आणि पूर्वगणनपत्रक

जागा कुणाची हे आधी बघा: मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण कशाचं आहे. शेजारचा मोकळा भूखंड उद्यानासाठी राखीव असेल तर आरक्षण बदलण्यातच वर्षं जातील. त्यापेक्षा आहे त्या इमारतीवर मजला चढतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. जुन्या दवाखान्यांचा पाया बऱ्याचदा वाढीव मजल्यासाठी बांधलेला नसतो.

पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, भवन विभाग राज्याच्या दरसूचीवर करतो. त्यात काय राहून जातं ते तुम्ही तपासा: स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, रॅम्प, ऑक्सिजनची पाइपलाइन, जनरेटर, आगीची यंत्रणा आणि अग्निशमन दलाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याची खोली, सांडपाण्यावरची प्रक्रिया. बांधकामावरचा 18 टक्के जीएसटी धरला आहे का, तेही बघा. यातलं काही सुटलं तर काम निम्म्यावर सुधारित मान्यतेसाठी परत येतं आणि सांगाडा उभा राहतो.

माणसांचा खर्च

बहुतेक विस्तार इथे अडकतात. इमारतीचा पैसा एकदा लागतो. तो आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती किंवा सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) यांतूनही येऊ शकतो. पगार मात्र दर महिन्याला लागतो, आणि तो महापालिकेच्या महसुली उत्पन्नातूनच जातो. मिळकतकराचा खरा संबंध या पगाराशी आहे. पदं मंजूर नसताना बांधलेली इमारत कुलपात राहते.

हिशेब असा करा. समजा 30 खाटांच्या वॉर्डात कुठल्याही क्षणी 5 परिचारिका हव्यात. आठवड्याचे 168 तास, एकीचे 48. म्हणजे एका जागेला 3.5 जणी, पाच जागांना 17.5. रजा आणि सुट्ट्यांसाठी 30 टक्के वाढवा: 22.75, म्हणजे 23. महिन्याचा सरासरी खर्च 60,000 धरला तर वर्षाला 1 कोटी 65 लाख 60 हजार, फक्त परिचारिकांवर. डॉक्टर, लॅब, फार्मासिस्ट, आया, वॉर्डबॉय, सुरक्षा, औषधं, वीज वेगळी. हा तक्ता प्रस्तावाला जोडाच. आकृतीबंधात, म्हणजे महापालिकेच्या मंजूर पदांच्या यादीत, ही पदं आहेत का ते विचारा. नसतील तर मान्यता राज्य सरकारची लागते आणि आस्थापना खर्चाच्या (पगार वगैरेंच्या) 35 टक्के मर्यादेचं कारण पुढे येतं. कंत्राटी माणसं हे उत्तर मिळेल. तात्पुरतं ते चालेल, पण शस्त्रक्रियागृह आणि प्रसूती विभाग सतत बदलणाऱ्या माणसांवर चालवणं धोक्याचं आहे, हे ठामपणे म्हणा.

वेळापत्रक

मार्चमध्ये निवेदन दिलं तर ते फार उशिरा झालेलं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात नागरिकांच्या सूचनांचे अर्ज येतात. ते छोट्या कामांसाठी असतात, त्यातून विस्तार होत नाही, पण पाण्याची टाकी किंवा रॅम्प मिळून जातो. मोठा प्रस्ताव त्याच सुमारास आरोग्य विभागाकडे आणि भवन विभागाकडे द्या, कारण विभागांच्या मागण्या दिवाळीच्या आगेमागे एकत्र होतात. मग आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीत जातं. महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याप्रमाणे कराचे दर मुख्य सभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि अंदाजपत्रक 31 मार्चच्या आत मंजूर व्हायचं असतं.

नगरसेवकाला भेटताना तयार मसुदा हातात द्या:

‘… येथील रुग्णालयाच्या विस्तारासाठी येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र अर्थशीर्षकाखाली रु. … इतकी तरतूद करावी. काम एकाहून अधिक वर्षे चालणार असल्याने पुढील वर्षांच्या दायित्वास कलम 72 (ब) नुसार मान्यता द्यावी. सोबतच्या तक्त्यातील पदे निर्माण करून भरण्याची कार्यवाही बांधकामासोबतच सुरू करावी.’

यातलं दुसरं वाक्य सोडू नका. ते नसेल तर पहिल्या वर्षी पाया होतो आणि दुसऱ्या वर्षी तरतूदच नसते. तिसरं वाक्य कापायचा आग्रह होईल, तेव्हा माघार घेऊ नका. रुग्णालयं चालवणं हे याच कायद्याच्या कलम 63 प्रमाणे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, मेहेरबानी नाही.

प्रभागातले सगळे नगरसेवक, पक्ष कुठलाही असो, सूचक-अनुमोदक म्हणून एकत्र आणा. एकाच पक्षाचा प्रस्ताव तहकूब होण्याची शक्यता जास्त. कार्यपत्रिकेवर विषय आला का ते सभेच्या आधी नगरसचिव कार्यालयात विचारा. ‘अभिप्रायासाठी प्रशासनाकडे’ असा शेरा पडला तर अभिप्रायाची तारीख लेखी मागा.

मंजुरीनंतर खरा धोका वर्गीकरणाचा. वापरली न गेलेली तरतूद वर्षाच्या उत्तरार्धात दुसऱ्या कामाकडे वळवली जाते आणि कारण दिलं जातं, ‘निविदाच निघाली नाही’. म्हणून एप्रिलमध्ये छापील अंदाजपत्रकातलं अर्थशीर्षक आणि रक्कम उतरवून घ्या, जूनमध्ये निविदेची स्थिती विचारा, आणि ऑक्टोबरनंतर स्थायी समितीची प्रत्येक कार्यपत्रिका त्या अर्थशीर्षकासाठी चाळा. वर्गीकरणाचा विषय दिसला तर मंजुरीआधीच सगळ्या नगरसेवकांना लेखी हरकत पोचवा.