निबंधासाठी टिपणं काढताना
इतिहासाच्या निबंधासाठी वाचन सुरू करण्याआधी प्रश्न फोडून घ्या. ‘१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीला सरकारी कर्ज कितपत कारणीभूत होतं?’ असं विचारलं असेल, तर कर्ज कशाने वाढलं, करांचा बोजा कोणावर होता, पाव का महागला, हे वेगवेगळं शोधा.

एका कार्डावर एकच मुद्दा. वर उपप्रश्न, खाली लेखक, पुस्तक, आवृत्तीचं वर्ष आणि पान क्रमांक. तोही तिथल्या तिथे, नंतर सापडत नाही. जसाच्या तसा घेतलेला मजकूर अवतरणचिन्हांतच उतरवा, नाहीतर काही दिवसांनी तो आपलाच वाटू लागतो.

तळटीपाही बारकाईने वाचा, लेखकाने दावा कुठून घेतला ते तिथे कळतं. तीन पुस्तकांत एकच दावा दिसला म्हणजे तीन पुरावे मिळाले असं नाही. अनेकदा तिघांनीही एकाच कागदावर भिस्त ठेवलेली असते. शक्यतो तो मूळ कागदच गाठा.