दोन इंच लिफ्टनंतर जिम्नीचं स्टिअरिंग भरकटत होतं: माझा अनुभव

लिफ्ट म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं. त्यानंतर घोडबंदर रोडवर वेग वाढला की गाडी सरळ धावेना. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येईना, सरळ जातानाही कललेलंच. बॅलन्सिंग, हवा, अलाइनमेंट, सगळं झालं. वैताग नुसता.

सलग ॲक्सलची (दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर असलेली) गाडी उचलली की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. अलाइनमेंटवाला बदलतो तो फक्त टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते).

आधी ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉडने (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) पुढचा ॲक्सल मध्यावर आणला. मग रेडियस आर्मला (ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारा दांडा) कॅस्टर करेक्शन बुश, म्हणजे कॅस्टर परत वाढवणारे रबरी सांधे. बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचे, नाहीतर बुश पिळलेले राहून लवकर फाटतात (गॅरेजवाले हे हमखास टाळतात). त्यानंतर टाय रॉडवर (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) टो. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणायचं ते सगळ्यात शेवटी. आधी केलंत तर पॅनहार्ड हलवताच पुन्हा बिघडतं. एवढं करूनही ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा राहिला, तर स्कॅनरने स्टिअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करून घ्या.