‘पस्तीस’ म्हटलं की ५३ : डी.एल.एड.ला नव्याने येणाऱ्यांसाठी

यंदा डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला) प्रवेश घेतलेल्या दोघीतिघींनी मला एकच प्रश्न विचारला: बालमानसशास्त्राच्या एवढ्या उपपत्ती लक्षात कशा ठेवायच्या? मीही पहिल्या वर्षी पाठच करत होते. मुलाच्या विचारशक्तीच्या वाढीच्या पियाजेच्या चार अवस्था, पावलॉवचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी. वही भरली, पण डोक्यात काही बसेना. ते बसलं छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाच्या काळात, डहाणू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत.

दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. ‘पस्तीस’ म्हटलं की ती ५३ लिहायची. मी तिला ३५ ही संख्या वीस वेळा लिहायला लावली. वीसही बरोबर आले, शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा ५३. मी नकळत स्किनरच्या वाटेने गेले होते: सराव, बक्षीस, पुन्हा सराव. त्या वाटेने पाढे बसतात, अक्षर सुधारतं. पण त्या मुलीची अडचण सरावाची नव्हतीच.

मार्गदर्शक बाई एवढंच म्हणाल्या, “तिला विचार की, असं का लिहिलंस.”

विचारलं. ती म्हणाली, “पस्‌ आधी येतं ना.”

बरोबरच होतं तिचं. पस्तीस, तेवीस, बेचाळीस: मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. ऐकलं तसं लिहायचं हा नियम तिने अक्षरं लिहिताना शिकला होता, तोच तिने इथे लावला. जुन्या समजुतीच्या चौकटीत नवी गोष्ट बसवणं म्हणजे पियाजेचं सात्मीकरण, आणि बसत नाही म्हणून चौकटच बदलणं म्हणजे समायोजन. या दोन व्याख्या मी दहादा घोकल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा समोर पाहिल्या. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्यामागची अडचण नेमकी हीच होती.)

मग काड्या आणल्या. दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे आणि सुट्या काड्या. तरी ती सुट्या काड्या आधी मांडायची. मी समजावून थकले. शेजारी बसलेली तिसरीतली एक मुलगी सरकून आली आणि म्हणाली, “आधी गठ्ठे ठेव. गठ्ठे या हाताला.” दोनदा तिने हात धरून ठेवून घेतले, तिसऱ्यांदा नुसतं बोट दाखवलं, चौथ्यांदा ती गप्प बसली. मूल एकट्याने जे करू शकत नाही पण कुणाच्या मदतीने करू शकतं, तो टप्पा म्हणजे रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचं निकट विकासाचं क्षेत्र. घर बांधताना बांबूची परांची लावतात आणि भिंत उभी राहिली की काढून घेतात, तशी ती मदत. तिसरीतल्या पोरीने परांची काढायची वेळ माझ्यापेक्षा अचूक ओळखली. परांचीची ही उपमा मात्र वायगॉट्स्कीची नाही, ती १९७६ साली वुड, ब्रुनर आणि रॉस यांच्या लेखातून आली. परीक्षेत इथे गोंधळ होतो.

टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्राला आहेत. वर्गातला प्रसंग देऊन ‘शिक्षकाने काय करावे’ असं विचारलं असेल, तर मूल असं का करतंय ते आधी शोधणारा पर्याय नीट वाचा. सनावळीत फार अडकू नका. पियाजे आणि वायगॉट्स्की दोघेही १८९६ चे, एवढं पुरतं. वायगॉट्स्की सदतिसाव्या वर्षी गेला, पियाजे १९८० पर्यंत लिहीत राहिला.

पियाजेच्या अवस्थांच्या वयाबद्दल मात्र एक कळकळीने सांगते. ‘दोन ते सात पूर्वक्रियात्मक’ हे मुलाच्या कपाळावर मारायचं लेबल नाही. पहिलीतल्या एका मुलासमोर चिंचोक्यांच्या आठ-आठच्या दोन ओळी मांडा, एक ओळ पसरा, तो पसरलेल्या ओळीत जास्त आहेत म्हणेल. त्याच वर्गातला दुसरा लगेच सांगेल, “तेवढेच आहेत.” वय तेच. दोघांनाही विचारा, कसं कळलं.

जमलं तर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला जाऊन या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या आदिवासी मुलांसाठी केलेलं काम पाहा. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची हे तिथे जितकं कळतं, तितकं नोट्समधून कळत नाही.

आणि एक छोटी वही ठेवा. उपपत्तींची नको, मुलांच्या वाक्यांची. तारीख, वय, मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं. माझ्या वहीत त्याच मुलीचं आठवड्यानंतरचं वाक्य आहे. आता ३५ नीट येत होतं. एकोणतीस सांगितल्यावर ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “बाई, यात नऊ कुठंय?” मी तीन गठ्ठे तिच्यापुढे ठेवले आणि एकातली एक काडी तिलाच काढायला सांगितली.