मणका दबल्यावर घ्यायची काळजी

उतारवयातील बाईने पाण्याची बादली उचलली, पाठीत जोराची कळ आली आणि घरच्यांनी ‘चमक भरली असेल’ म्हणून तेल लावून पाठ चोळली, असे पुष्कळ घरांत घडते. रजोनिवृत्तीनंतर किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यामुळे हाडे ठिसूळ झाली असतील, तर पुढे वाकणे, खोकल्याची उबळ किंवा रिक्षाला बसलेला दणका एवढ्यानेही मणका पुढच्या बाजूने चेपतो. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तेथे हे सर्वाधिक आढळते. अशा फ्रॅक्चरपैकी जेमतेम एक तृतीयांशच वेळीच ओळखली जातात. बाकीची ‘वय झाले’ या सबबीखाली दडून राहतात आणि पुढे पोक आल्यावर लक्षात येतात.

म्हणून नव्याने उद्भवलेल्या पाठदुखीत मालिश किंवा मणका ‘बसवून घेणे’ टाळून आधी एक्स-रे काढावा. फ्रॅक्चर ताजे आहे की जुने, हे एमआरआयवरून कळते. शिवाय मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग यांची शंकाही त्यातून तपासता येते. बारीक ताप, घटणारे वजन किंवा रात्री वाढणारे दुखणे असल्यास ती शंका घ्यायलाच हवी. पायांतील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वेदना बहुधा 6 ते 12 आठवड्यांत ओसरते. सुरुवातीचे काही दिवस विश्रांती योग्य असली, तरी महिनाभर अंथरुणाला खिळवून ठेवल्यास हाडे आणि स्नायू आणखी कमजोर होतात. उठताना सरळ उठून बसू नये. गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यावे, पाय पलंगावरून खाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसावे. खाली बसून केर काढणे बंद करावे व उंच कमोड वापरावा. पट्टा डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस बांधावा. मणक्यात सिमेंट भरण्याची शस्त्रक्रिया सरसकट करून घेऊ नये. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ती लुटुपुटीच्या, म्हणजे सिमेंट न भरता नुसता देखावा केलेल्या, शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नव्हती.

दुखणे थांबले की बहुतेक जण उपचारही थांबवतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडते ते हेच, कारण एक मणका दबलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचातील एकीचा दुसरा मणका वर्षभरात दबतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्वाची पातळी आणि दिवसाला आहारासह सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम यांकडे लक्ष द्यावेच. मात्र नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही, हाडे बळकट करणारे औषध लागते. आठवड्याला घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर नव्हे तर पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर 6 महिन्यांनी असते. ते परस्पर बंद केल्यास एकाच वेळी अनेक मणके दबल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे पुढची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी आणि थांबवायचेच असेल, तर त्याजागी दुसरे कोणते औषध सुरू करायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.