१४२८५७ हातानं कशी उकलायची

चौकटींची वही आणि पेन्सिल घ्या. माझी भाची सातवीत आहे, तिला मी दर रविवारी एक मोठी संख्या देते. ही तिची सगळ्यात लाडकी.

आधी अंकांची बेरीज: २७. म्हणजे ९ नं नि:शेष भाग जातो, भागाकार १५८७३. त्याच्या अंकांची बेरीज २४, म्हणून ३ नं भागा: ५२९१. इथे भाची नेहमी अडते, कारण आता ३ चालत नाही. मग एकाआड एक अंक मिळवा: ५+९=१४, २+१=३. फरक ११, म्हणजे ११ नं भाग जातो. आले ४८१, ते १३×३७. झाले अवयव: ३³×११×१३×३७. घातांकांत एकेक मिळवून गुणलं की विभाजक मिळतात, ४×२×२×२=३२.

आता वर्ग. कॅल्क्युलेटर नको, ओळी नीट एकाखाली एक मांडा. २०४०८१२२४४९ येईल. उजवीकडचे सहा अंक तोडा आणि बेरीज करा: २०४०८+१२२४४९. १४२८५७ परत आली! देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्या अभ्यासल्या, म्हणून त्यांना कापरेकर संख्या म्हणतात. हे नाव मी भाचीला मुद्दाम सांगते.

पुढच्या पानावर ९९ घ्या: ९८०१, ९८+०१.