शाळेची परसबाग : खिचडीच्या पातेल्यापासून सुरुवात करा

कुदळ नंतर. आधी तराजू आणा. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी, असं प्रमाण ठरलेलं आहे. निवडलेली ५० ग्रॅम मेथी मुलांनाच मोजू द्या. पोरं पानं टाकत राहतात, काटा जेमतेम हलतो. ४० जणांच्या वर्गाला दिवसाला २ किलो! एवढी भाजी बागेतून निघणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. बाग आहे ती पानात पडलेली भाजी मुलांनी बाजूला सारू नये यासाठी.

जागा ऊन बघून ठरवा. पालेभाजीला रोज चार-पाच तास ऊन पुरतं, भेंडी-गवारीला जास्त लागतं. पुण्यातल्या बऱ्याच शाळांच्या अंगणात आता फरशा किंवा ब्लॉक बसवलेत. तिथे भाजीवाल्यांकडचे जुने क्रेट वापरा. आतून गोणपाट लावा, तळाला नारळाच्या शेंड्या, मग कुजलेला पालापाचोळा, शेणखत आणि माती. गच्चीवर ठेवायचे असतील तर खाली विटा द्या. पालापाचोळ्याला पैसे लागत नाहीत. जानेवारी ते मार्च रस्त्याकडेची झाडं पानं गाळतात. ती पोत्यात भरून अधूनमधून ओली करत राहा. जाळलेली पाहिली की जीव हळहळतो.

पेरणीचं वेळापत्रक शाळेच्या सुट्ट्यांवर बसवा. आमचं पहिल्या वर्षी इथेच चुकलं. दिवाळीच्या सुट्टीआधी दहा दिवस पालक पेरला, पाणी कोण घालणार हे ठरवलंच नाही. सुट्टीनंतर मुलं धावत गेली तर वाफ्यात नुसत्या काड्या. एका मुलीचं रडू आवरेना. तेव्हापासून आम्ही कॅलेंडरवर उलटं मोजतो. जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. जुलैच्या झडीत मेथी सडते, म्हणून मेथी, मुळा, कोथिंबीर गणपतीच्या सुमारास, दिवाळीआधी काढून होईल अशा बेताने. पालक, गाजर, बीट दिवाळीनंतर. कोपऱ्यात जमीन असेल तर पावसाच्या तोंडावर शेवग्याची फांदी खोचा. त्याच्या पाल्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर.

पहिलं पीक मेथीच घ्या. दाणे रात्रभर भिजवा, बोटाने रेघ ओढून अर्धा इंच खोल पेरा. तीन-चार दिवसांत कोंब माती उचलून वर येतात. त्या सकाळी तास बुडाला तरी चालेल, पण मुलांना पाहू द्या. महिन्याभरात भाजी काढायला येते.

चवळीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. नाही गेला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून मोठ्यांनी फवारावी. रासायनिक औषध नकोच. शेणखतात हात घातल्यावर साबण आणि भाजी दोन-तीन पाण्यांतून धुणं, यात मात्र सूट नाही.

आहाराचा धडा फळ्यावर घेऊ नका, पातेल्यापाशी घ्या. खिचडी करणाऱ्या ताईंना आधी विचारून ठेवा, मग त्या दिवशी वर्गाची मेथी मुलांसमोरच पातेल्यात पडू दे. वाढताना प्रत्येकाच्या पानात लिंबाची फोड द्या आणि सांगा : लिंबातल्या क जीवनसत्त्वाने पालेभाजीतलं लोह अंगी लागतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर तेच अडतं. फोडणीचं तेलही चवीपुरतं नसतं. पालक-गाजरातून मिळणारं अ जीवनसत्त्व शोषलं जायला तेल-तूप लागतं. गेल्या वर्षी तिसरीतला एक मुलगा खिचडीतली पानं नेहमी ताटाच्या कडेला लावायचा. त्या दिवशी त्याने तीच पानं शोधून शोधून खाल्ली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ही माझ्या ओळीतली आहेत."

शेवटच्या वाफ्यातली चार रोपं उपटू नका. त्यांना शेंगा धरू द्या, वाळल्या की दाणे बरणीत भरा आणि बरणीवर वर्गाचं नाव लिहा. पुढच्या गणपतीत नव्या मुलांनी तेच पेरायचे.